सोफ्याला जुळवलेली भिंत

आपल्या रंगवालीचा नवरा बेकरीत कामाला आहे आणि त्याला रंग कळत नाहीत, इथपासूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. म्हणजे त्याला सगळं काळं-पांढरं दिसतं असं नाही हं. लोकांना लगेच तसंच वाटतं, आणि मग जो तो त्याच्या नाकासमोर हातरुमाल धरून विचारतो, "हा कुठला, सांग बरं?" त्याला निळा छान दिसतो, पिवळा दिसतो. फक्त लाल आणि हिरवा ह्या दोघांचं त्याच्या डोळ्यात शिरताना काहीतरी बिनसतं आणि दोघं एकमेकांचे कपडे घालून आत येतात. टोमॅटो पिकलाय का, हे तो दाबून बघतो. कुठला मोजा कुठल्याचा जोडीदार, हे तो बायकोला विचारतो.

आणि बायको कोण, तर रंगवाली. रंगाच्या दुकानात टिंटिंगच्या मशीनवर उभी असते. डब्यात पांढरा बेस, वरून ह्याचे थोडे थेंब, त्याचे थोडे थेंब, झाकण लावायचं, डबा गदागदा हलवायचा, की झाली कुणाची तरी भिंत तयार. दुकानाचे मालक, ज्यांच्या मिशीला कायम चहा लागलेला असतो ते, गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या पोरीला पांढऱ्याच्या पोटातला रंग दिसतो." आणि ते खरंच आहे. तुम्हा-आम्हाला जो नुसता पांढरा वाटतो ना, त्याच्या पोटात कधी गुलाबी असतो, कधी पिवळा, कधी हिरवट. तिला तो बरोबर दिसतो. कुणाकडे चहाला गेली तरी तिची नजर कपात नसते, भिंतीवर असते.

लग्न ठरलं तेव्हा मित्रमंडळींनी दोघांची मनसोक्त उडवली. एकीला नको तेवढं दिसतं आणि एकाला हवं तेवढंही नाही, जमेल बरं संसार. दोघांनी हसून घेतलं. आणि जमलाही संसार, अगदी झकास जमला.

पण एक गोष्ट रंगवालीला टोचायची. तो हॉलला "तुझा हॉल" म्हणायचा. रागाने नाही, टोमणा म्हणून तर नाहीच. "तुझ्या हॉलमधला बल्ब गेलाय." "तुझ्या पडद्याची कडी निघालीये बघ." "तुझ्या सोफ्यावर हा टॉवेल कुणी टाकला?" (त्यानेच टाकलेला असायचा.) भाडेकरू कसा जपून राहतो, खिळा ठोकायच्या आधी विचारतो, तसा हा स्वतःच्या घरात. खरेदीला गेले की हा दुकानाच्या दाराशी, हातात पिशवी, पाठ भिंतीला. ती आतून काहीतरी उंच धरून दाखवणार, "हे कसं वाटतं?" आणि हा तिथूनच, "तू ठरव गं. मला काय कळतंय त्यातलं."

हे कुठून आलं, तर त्याच्या मोठ्या बहिणीकडून. ताई वाईट नाही हो, भावावर जीव आहे तिचा, पण जीभ अशी की सुपारी कातरायला अडकित्ता नको. त्याने पहिल्या पगारात आईसाठी राखाडी शाल म्हणून जी आणली ती गुलाबी निघाली होती. झालं. ताईने ती गोष्ट धरली ती धरलीच. चार माणसं जमली की ताई उभी राहून, खांद्यावर टॉवेल घेऊन, अभिनयासकट सांगणार. आईने ती शाल पुढे हौसेने विटेपर्यंत वापरली, पण तेवढा भाग ताईच्या गोष्टीत येत नाही. आणि हा बसलेला असतो कोपऱ्यात, सगळ्यांबरोबर हसत. इतक्या वेळा हसला बिचारा की मग त्याने काही निवडायचंच सोडून दिलं.

तर ठरलं असं, की हॉल नव्याने करायचा. आधी राहणाऱ्यांनी एक भिंत जांभळी केलेली, समोरची नारिंगी, आणि दोघींचं रोज भांडण चालल्यासारखं वाटायचं. रंगवाली म्हणाली, "मी दिवसभर रंगात बुडालेली असते. घरी आलं की डोळ्यांना पाय पसरून बसता आलं पाहिजे." म्हणजे सगळं न्यूट्रल. साय, वाळू, ताग, दगड, बिस्किट, असले रंग. आणि तिच्या मनात अजून एक हिशोब होता, तो तिने कुणाला सांगितला नाही. अशा हॉलमध्ये लाल नाही, हिरवा नाही. म्हणजे तिला जसा हॉल दिसेल, तसाच्या तसा त्यालाही दिसेल. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एकच खोली बघतील. किती गोड विचार, नाही? थांबा.

जेवताना तिने विषय काढला. "सोफ्याचं कापड तू आणायचं."

त्याचा घास हातातच राहिला. "मी?"

"हो, तू. भिंती मी करते, सोफा तू कर."

"अगं, काहीतरीच काय. मी घेऊन येईन काहीही, आणि मग तुझ्या हॉलचं वाटोळं."

"बेकरीत अख्खा दिवस पाव कितपत भाजलाय ते ओळखतोस की नाही रंगावरून?"

"तो रंग नसतो," तो म्हणाला. "ती वेळ असते. भाजलं की गडद होतं. गडद-फिकट मला कळतं, तुझ्यापेक्षा बारीक कळतं. पण रंग..."

"मग तेच बघ. फिकट, शांत, मातकट. बेजच्या आसपास काहीही चालेल. बेजमध्ये चुकायला काही नसतंच रे."

असं ती म्हणाली. रंगाच्या दुकानात उभी राहून पोट भरणारी बाई असं म्हणाली.

तो दोन दिवस नाही-नाही करत राहिला आणि मग एका दुपारी गुपचूप गेला. सोफेवाले काका, जे जुना सोफा नव्या कापडाने मढवून देणार होते, त्यांच्याबरोबरच गेला, आणि कापड तिथल्या तिथे त्यांच्या हवाली करून आला. घरी आला तर चेहऱ्यावर असं काही, की जणू परीक्षेत न वाचलेला धडाच आला आणि तरी पेपर छान गेला.

"दाखव ना," ती म्हणाली.

"नाही. सोफा येईल तेव्हाच."

"निदान तुकडा तरी."

"तुकडा नाही नि फिकडा नाही."

तिला तर काय, आभाळ ठेंगणं. त्या आठवड्यात तिने भिंतींना पुट्टी घासली, प्रायमर मारला आणि रंगाचा पहिला हात मारला. सायीसारखा, उबदार, पोटात अगदी इवलासा गुलाबी ठेवलेला क्रीम. ते पोटातलं गुलाबी कुणालाच दिसलं नसतं, पण त्यामुळे खोली कशी, कुणीतरी आत्ताच हसून गेल्यासारखी वाटते. दुसरा हात तिने सोफा आल्यावर मारायचा ठेवला.

सोफा आला तो तिच्या सुट्टीच्या दिवशी. नवरा बेकरीत. काका आणि एक हमाल, दोघांनी तो दारातून तिरका, मग उभा, मग पुन्हा तिरका करत आत आणला, मधोमध ठेवला, आणि काकांनी वरची चादर अशी ओढली की बघणाऱ्याने टाळ्याच वाजवाव्यात.

रंगवालीने टाळ्या वाजवल्या नाहीत. सोफा हिरवा होता.

म्हणजे गडद नाही. फिकट, पिस्त्यासारखा, तसा देखणाच. पण हिरवा तो हिरवाच. आणि मागे तिची गुलाबी पोटाची भिंत. गुलाबी आणि हिरवा शेजारी बसले की एकमेकांना चढवतात, हे तर ती गिऱ्हाइकांना रोज सांगते. भिंतीने सोफ्याला चढवलं होतं. अख्खा हॉल ओरडत होता की मी हिरवा आहे, मी हिरवा आहे.

"काय झालं वहिनी?" काका म्हणाले. "शिवण बघा, एका रेषेत आहे की नाही."

"शिवण छान आहे हो. काका, हे कापड ह्यांनीच निवडलं?"

"मग काय मी? अख्खं कपाट खाली काढायला लावलं दुकानदाराला. एकेक कापड हातात घेऊन चुरून बघत होते, उजेडात नेत होते, कणीक बघावी तसं. शेवटी ह्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हेच. मी म्हटलं, हल्ली हिरव्याची फॅशन असेल."

"तुम्ही हिरवा म्हणालात का त्यांच्यासमोर?"

"नाही बुवा. दिसतंय ते काय सांगायचं?"

परत करायचा प्रश्नच नव्हता. कापून, शिवून, खिळे मारून झालेलं. काकांनी उरलेला तुकडा तिच्या हातात दिला आणि गेले, आणि ती त्या तुकड्याकडे बघत सोफ्यावर टेकली. आणि मग तिला उमगलं की चूक कुणाची आहे. अहो, लाल नि हिरवा भडक असले की तो सावध असतो, विचारतो. पण फिकटात? फिकट हिरवा, फिकट गुलाबी आणि बेज, ही तिन्ही त्याच्या डोळ्याला जुळी-तिळी भावंडं. न्यूट्रल म्हणजे त्याच्यासाठी सुरक्षित रस्ता नव्हताच, सगळ्यात निसरडा रस्ता तोच. आणि तिने त्याला पाठीवर थाप मारून नेमका तिथेच धाडला होता. हे तिला कळायला नको? दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर ठीक आहे, पण तिला?

कापड मात्र, खरं सांगायचं तर, सुरेख होतं. जाड, थोडं खरखरीत, बोटांना विणकाम लागत होतं, आणि हात फिरवला की बसावंसंच वाटत होतं. हाताने त्याने शंभर टक्के बरोबर निवडलं होतं.

संध्याकाळी तो आला. भुवयांवर पीठ तसंच. दारातच थांबला, चपला काढायच्याही विसरला.

"माझा सोफा कसा वाटला?"

माझा. ऐकलंत ना? इतके महिने ज्या शब्दाची वाट बघितली, तो असा दारात उभा राहून, चपलांसकट आत आला. आता तुम्हीच सांगा, तिने काय बोलावं?

"मस्त आहे," ती म्हणाली.

तो ह्या टोकाला बसला. उठला, त्या टोकाला बसला. मग मधे. मग आडवा झाला. मग म्हणाला, "ह्याच्यावर बेकरीचे कपडे घालून कुणी बसायचं नाही," आणि स्वतःच दचकून उठला, कपडे झटकले, आणि झटकता झटकता फोन लावला. कुणाला? ताईला.

"ताई, रविवारी ये. सोफा बघायला. हो, मी निवडलाय. एकट्याने. हस, हस, आधी ये तर."

रंगवालीने रविवारला किती दिवस उरले ते बोटांवर मोजले.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिचं लक्षच लागेना. कुणाला तरी आकाशीऐवजी नुसता बेसच देत होती. मालक म्हणाले, "पोरी, तब्येत बरी आहे ना?" तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. वर चादर टाकावी तर तो विचारणार का टाकली. काकांनी कापड बदललं असं सांगावं तर त्या बिचाऱ्या काकांवर आळ. ताईला आधीच फोन करून गप्प बसायला सांगावं, तर ताई गप्प बसणार आहे, असं कुणी सांगितलंय तुम्हाला?

"आणि नवऱ्याला खरं सांगितलं तर?" मालक म्हणाले.

"तर तो पुन्हा दाराशी पिशवी घेऊन उभा राहील. आयुष्यभर." तिने हातातल्या डब्याचं झाकण उगाच पुन्हा दाबलं. "आत्ता कुठे माझा म्हणायला लागलाय हो."

मालकांनी मिशी पुसली. "एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं, सोफा माझा जीव की प्राण आहे पण भिंतीशी जुळत नाही, तर तू काय सांगतेस?"

"भिंत बदला म्हणते," ती म्हणाली, रोजच्यासारखी, सवयीने. आणि हातातला डबा खाली ठेवला.

भिंत बदला. अहो, दुसरा हात तर अजून मारायचाच होता की.

मग काय, अंगात वारं शिरलं तिच्या. पर्समधून कापडाचा तुकडा काढला, दुकानामागच्या उघड्या जागेत, खऱ्या उजेडात, पुठ्ठ्यावर डकवला आणि लागली मिसळायला. पोटातला गुलाबी पहिल्यांदा हाकलला. त्याच्या जागी हिरव्याचा थेंब. सुकवून बघितलं तर दवाखाना. पुन्हा. थोडा काळा, तर शेवाळलेली टाकी. मालक येऊन जाऊन मान हलवत होते, "हे नको गं, ह्याच्यात बेडूक येतील." शेवटी तिने हिरवा कमी केला, मातीसारखा पिवळा अगदी नखाएवढा घातला, काळ्याचा नुसता वास दाखवला. पुठ्ठ्यावर ओढलं, सुकवलं, तुकडा शेजारी धरला.

आणि तुकडा गप्प झाला. कापड तेच, धागा तोच, पण भिंतीने त्याच्यातला हिरवा जणू पिऊन टाकला. आता तो ना हिरवा म्हणावा, ना बेज. वाळलेल्या गवतात ऊन पडलं की जो असतो ना, तसा काहीतरी. मालक बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला नंबर देऊन ठेव, आपण विकू."

तिने एका दिवसाची रजा टाकली. नवरा उजाडायच्या आत भट्टीवर जातो, त्यामुळे हॉल मोकळा. टेप लावली, सोफ्यावर प्लास्टिक घातलं, आणि रोलर घेऊन सुटली. मान दुखली, दंड भरून आले, केसात रंग गेला. पुस्तकांचं कपाट मात्र एकटीला हलेना, म्हणून त्याच्या कडेची एक पट्टी आणि मागचा भाग तसाच, जुन्या पहिल्या हाताचा राहिला. असू दे म्हणाली, कोण बघतंय. दुपारी पडदे लावले, जाड, न रंगवलेल्या सुताचे. खाली तागाची चटई टाकली, कोपऱ्यात उघड्या लाकडाचं छोटं टेबल आणि त्यावर दिवा. प्लास्टिक काढलं आणि दारात जाऊन उभी राहिली.

अहाहा. म्हणजे काय सांगू. खिडकीतून ऊन येत होतं ते भिंतीवर येऊन बसलं, उगाच इकडे तिकडे उड्या मारत नव्हतं. सोफा असा की तो आधीपासून तिथेच होता आणि घर त्याच्याभोवती नंतर बांधलं. कुठलाच रंग दुसऱ्याच्या वर आवाज चढवत नव्हता. तिने उभ्या उभ्या एक कप चहा तिथेच घेतला आणि स्वतःशीच म्हणाली, जमलं. कुणाला काही कळायचं कारण नाही.

तो आला. दारात थांबला. सोफ्याकडे बघितलंच नाही त्याने. भिंतीकडे बघितलं.

"भिंत जास्त भाजली गेली," तो म्हणाला.

"काय?"

"दुसरा हात पहिल्यापेक्षा गडद आहे. अगदी थोडा." तो सरळ कपाटाकडे गेला आणि त्या राहिलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे बघ. एकाच ट्रेमधले दोन पाव, पण हा मागच्या बाजूला होता. डबा बदलला का?"

जी पट्टी आख्ख्या जगात कुणाला दिसली नसती, ती त्याला दारातून दिसली. गडद-फिकट त्याला तिच्यापेक्षा बारीक कळतं, हे त्याने जेवताना सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. पण बायको ऐकेल तर ना.

"हो," ती म्हणाली. "बदलला."

"का?"

आता थाप तर अगदी तोंडापर्यंत आलेली होती. मशीन बिघडलं, बेस संपला, काहीही. पण तो असा बघत होता, पट्टीवर बोट ठेवून, की तिच्याच्याने होईना.

"सोफा हिरवा आहे," ती म्हणाली.

त्याने सोफ्याकडे बघितलं, खूप वेळ, जणू नीट बघितलं तर दिसेल. मग आत गेला, नळ सोडला, आणि बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. ती बाहेर उभी. टेपचा एक तुकडा बोटाला चिकटलेला, तो काढते आणि दुसऱ्या बोटाला चिकटतो, काढते आणि चिकटतो.

तो बाहेर आला. चेहरा ओला, भुवया पहिल्यांदाच बिनपिठाच्या.

"किती हिरवा?"

"फिकट. पिस्त्यासारखा."

"पहिल्या दिवशीच दिसलं तुला."

"हो."

"आणि मस्त आहे म्हणालीस."

"कापड मस्तच आहे रे. मी..."

"मी ताईला बोलावलंय," तो म्हणाला. "मी तिला फोन करून सांगितलंय मी निवडलाय म्हणून. तू शेजारी उभी होतीस." आवाज चढवला नाही त्याने, चढवला असता तर बरं झालं असतं. "ताई निदान तोंडावर हसते गं. तू गपचूप भिंत रंगवलीस."

हे मात्र तिला लागलं. कारण खरं होतं. ती खाली चटईवरच बसली. "तू परत दाराशी जाऊन उभा राहशील अशी भीती वाटली मला. म्हणून. आणि चूक माझीच आहे. बेजमध्ये चुकायला काही नसतं असं मीच म्हणाले ना? तुझ्यासाठी सगळ्यात अवघड पेपर तोच होता, आणि मी तुला सोपा म्हणून दिला."

तो उभाच होता. मग दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं त्याने विचारलं, "भिंत सोफ्यासाठी बदललीस?"

"हो."

"सोफा नाही बदललास."

"नाही."

"म्हणजे तुझ्या मते चुकलं होतं काय? सोफा, की भिंत?"

ती वर बघून म्हणाली, "भिंत." आणि हे ती त्याची समजूत काढायला नाही हं म्हणाली. तिने खरंच खोलीकडे बघितलं, रंगवालीच्या डोळ्यांनी बघितलं, आणि तिला मनापासून वाटलं की तो क्रीम ठेवला असता तर बरा हॉल झाला असता, चारचौघांसारखा. हा हॉल तिला सुचलाच नसता. तिने स्वतः निवडायला घेतलं असतं तर ह्या कापडाजवळ ती फिरकलीही नसती. तिने त्याला हेच्या हेच सांगितलं, ह्याच शब्दांत.

तो सोफ्याच्या हातावर टेकला. हाताने कापड चोळलं, सवयीने.

"मला आधीपण छान दिसत होता," तो म्हणाला. "आत्तापण छानच दिसतोय."

"मला आत्ता दिसतोय."

"म्हणजे तू मागून आलीस."

"असं म्हण हवं तर."

"म्हणणारच," तो म्हणाला, आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून हसला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. "चल, ऊठ. कपाट धर त्या बाजूने. ही पट्टी माझ्या डोळ्यात खुपतेय."

दोघांनी कपाट सरकवलं, पुस्तकं पडली, ती तशीच पायाने बाजूला केली. तिने रोलर चालवला, तो मागे उभा राहून सांगत होता. "इथे राहिलं. नाही, वर. खिडकीच्या बाजूला एक ठिपका सुटलाय, टाचणीएवढा." तिला एकही ठिपका दिसत नव्हता. तो बोट ठेवेल तिथे ती ब्रश टेकवत गेली, आणि सुकल्यावर भिंत अशी झाली की तिने आजवर कुणाच्या घरी केली नव्हती.

आणि मग रविवार. ताई आली ती दारातूनच बोलत आली. "कुठंय तो सोफा? कुठंय आमचा ठोंब्या? अगं, मी आज मुद्दाम साधे कपडे घालून आलेय, म्हटलं सोफा काय रंगाचा असेल, उगाच अंगावर यायचा." आणि हॉलमध्ये आली आणि थांबली. वाक्य राहिलं अर्धं. रंगवालीने ताईला कधी अर्धं वाक्य सोडताना बघितलंच नव्हतं.

ताई फिरली, बसली, मागे टेकली. कापडावर हात फिरवला. "बरा आहे की रे. हा नक्की रंग कुठला म्हणायचा गं? राखाडी? बेज?"

रंगवालीने तोंड उघडलं, आणि त्याच्याकडे बघून मिटलं. कारण हे आता त्याचं होतं. हो म्हणाला असता तरी चाललं असतं, कुणाला कळलं नसतं. 

"हिरवा आहे, ताई," तो म्हणाला. "मी बेज म्हणून घेतला. हिरवा निघाला."

ताई हसायला लागली, पोट धरून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. "बेज म्हणून. अगं आई गं. शालीनंतर हाच." आणि तो काय करतोय, तर तोही हसतोय, पण कोपऱ्यात बसून नाही. तिच्या शेजारी, मांडी घालून, ऐसपैस, आणि गोष्ट स्वतः सांगतोय. दुकानदाराने कपाट कसं उपसलं, काकांना वाटलं फॅशन, बायकोने भिंतीला बेडूक येईपर्यंत रंग मिसळले. टॉवेल खांद्यावर घ्यायला ताई उठली तर म्हणाला, "तू बस, ही माझी गोष्ट आहे." आणि ताई बसली. चक्क बसली. दोन वेळा चहा झाला, ऊन भिंतीवरून चटईवर उतरलं, तरी ताई उठायचं नाव घेईना. जाता जाता म्हणाली, "ठोंब्या, माझ्याकडच्या खुर्च्या पण मढवायच्यात. येशील का?" त्याने कॅलेंडर बघावं लागेल म्हणून सांगितलं. भाव खाल्ला हो त्याने, चांगला पोटभर खाल्ला.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुकानात गर्दी नव्हती, मालक काउंटरवर, रंगवाली मशीनशी. काचेचं दार ढकलून बेकरीवाला आत आला. आत, हं. दाराशी नाही. हातात पिशवी होती, पण ती त्याने सरळ काउंटरवर ठेवली आणि आतून एक पाव काढला, गरम, वाफ येत असलेला.

"बेडरूम मी करणार आहे," तो म्हणाला. "भिंत ह्या रंगाची पाहिजे. वरचा नाही. बाजूचा, जिथे दोन पाव चिकटलेले असतात आणि मग आपण वेगळे करतो, तिथला. हा बघ, इथला."

रंगवाली परत जराशी धास्तावलीच, खोटं कशाला बोलायचं. बेडरूम म्हणजे काय, रोज झोपायचं तिथे. पण तिने पाव हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "पडदे?"

"ते नंतर सांगेन. अजून माझं ठरलं नाही."

"बरं साहेब," ती म्हणाली, आणि बेसचा डबा आणायला आत गेली. परत येऊन बघते तर मालकांनी नमुन्याची नेमकी ती बाजू तोडून चहात बुडवलेली, आणि नवरा त्यांना शांतपणे सांगतोय की काही हरकत नाही, पिशवीत अजून आहेत, पण आता खाल त्याची बाजू तेवढी मला विचारून खा.